मांडवामागचा चर



माघ पौर्णिमेच्या धम्म मेळाव्यासाठी श्रीपूरच्या एका मुरमाड माळावर आम्ही मांडव घालीत होतो. मेळावा दोन दिवसांचा आणि उघड्यावरचा. महाळुंग, बोरगाव, माळीनगर, अकलूज या बाजूची कुटुंबे पोराबाळांसह मुक्कामाला यायची होती. त्यांत नुकतीच दीक्षा घेतलेली घरे बरीच होती. रोज संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर काम चाले. काम थांबले की त्रिशरण-पंचशील घ्यायचे आणि कोणीतरी एकाने धम्मावर चार शब्द बोलायचे, असा रिवाज पडला होता. एका रविवारी ती पाळी माझ्यावर आली. दुपारी जे घडले त्यामुळे ठरवलेला विषय बाजूला ठेवून मी जे बोललो, ते थोडे वाढवून येथे देत आहे.

त्या दुपारी कामांची यादी वाचली गेली. व्यासपीठ, कमान, पंचरंगी ध्वज, ध्वनिक्षेपक, भोजन, पाणी. एकेका कामाला हात वर होत गेले. व्यासपीठाला तर गरजेच्या दुप्पट नावे आली. यादीतले शेवटचे काम होते शौचाचे चर खणण्याचे, दोन दिवस त्यांची निगा राखण्याचे आणि मेळावा उठल्यावर ते बुजवण्याचे. वाचणाऱ्याने ते दोनदा वाचले. एकही हात वर झाला नाही. मी वर्गणीच्या हिशोबाची वही मांडीवर घेऊन बसलो होतो. माझाही हात वर झाला नाही.

मग एक तरुण उठला. पदविका घेतलेला, हुशार मुलगा. तो म्हणाला, "सर, माझ्या पणज्यानं गावची मेलेली जनावरं ओढली, चावडी झाडली. बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून आज्यानं ते सोडलं, आणि सोडलं म्हणून मार खाल्ला. आता आम्ही शिकलो, तर धम्माच्या नावानं पुन्हा तेच फावडं आमच्या हातात द्यायचं?"

कोणी काही बोलेना. तेव्हा दुसऱ्या एका कार्यकर्त्याने तोडगा काढला. वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढू, तालुक्याच्या गावाहून सफाईची माणसे आणू, ती काम करून जातील, आपला स्वाभिमानही राहील. माना हलू लागल्या. ठराव होणारच होता. इतक्यात मागच्या रांगेतून एका भगिनीने विचारले, "ती माणसं कोण असत्याल, सर? आमच्यातलीच न्हवं?"

या बाईंच्या घरी दीक्षा होऊन वर्ष झाले आहे. त्यांचे यजमान सफाई कामगार आहेत.

सभा तेथेच थांबली. ठराव झाला नाही. बांधवांनो, एका तरुणाने विचारलेला प्रश्न आणि एका भगिनीने विचारलेला प्रश्न, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकाचे उत्तर देताना दुसरा पायाखाली तुडवला जाणार नाही असे उत्तर आपल्याला शोधले पाहिजे.

वेठ कशाला म्हणतात

तरुणाच्या प्रश्नाला हसून किंवा रागावून बाजूला सारणे सोपे आहे. "धम्मकार्यात लाज कसली?" असे म्हटले की त्याचे तोंड बंद होईल, पण त्याच्या प्रश्नामागे तीन पिढ्यांचे दुखणे आहे. नवदीक्षित बांधवांना आणि विशेषतः त्यांच्या मुलांना ते माहीत असावे म्हणून थोडे सांगतो.

माझे आजोबा लहानपणी आपल्या वडिलांबरोबर साहेबाच्या मुक्कामाला राबायला जात. साहेब दौऱ्यावर आला की गावाबाहेर तंबू पडे. तंबूच्या खुंट्या ठोकायच्या त्या महाराने. घोड्याची वैरण, चुलीचे सरपण, जागेची झाडलोट, सारे त्याच्याच माथी. दिवस किती आणि रात्र किती याला हिशोब नव्हता. निरोप आला की हातातला घास टाकून निघायचे. आजोबा सांगत, "खुंटी आम्ही ठोकायची, पण तंबूच्या सावलीत उभं राहायचं नाही." मोबदला म्हणून वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदारची शिळी भाकरी.

हे सारे १८७४ च्या वतन कायद्याच्या आधाराने चाले. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. आपल्याच लोकांनी वतनाचा मोह सोडावा म्हणून ते वर्षानुवर्षे सांगत राहिले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. म्हणजे त्या तरुणाचा आजा ज्या गोष्टीसाठी मार खाऊन उभा राहिला ती फार जुनी नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात ती अजून आठवणीत आहे.

पण आता नीट विचार करा. आजोबांना डंख कशाचा होता? खुंटीचा? आजोबांनी पुढे आयुष्यभर आपल्या झोपडीच्या, गोठ्याच्या, लेकीच्या लग्नाच्या मांडवाच्या कितीतरी खुंट्या ठोकल्या. त्या ठोकताना त्यांचा हात कधी जड झाला नाही. डंख होता तो तीन गोष्टींचा. हे काम तुझ्या जन्माने ठरले आहे, ही पहिली. तुला नाही म्हणता येणार नाही, ही दुसरी. आणि तू उभारलेल्या सावलीत तुला जागा नाही, ही तिसरी. या तीन गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे वेठ असते, मग काम फुलांचे हार ओवण्याचे का असेना. आणि या तिन्ही जेथे नाहीत तेथे फावड्याने माणूस हलका होत नाही.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात हाच मुद्दा फोडून सांगितला आहे. जातिव्यवस्था केवळ कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचे एकावर एक थर लावते, असे त्यांचे म्हणणे आहे. कामाची वाटणी प्रत्येक समाजात असतेच. माणसांची उतरंड हा रोग आहे. बाबासाहेबांनी आपल्याला श्रमापासून सोडवले नाही. त्यांनी आपल्याला त्या उतरंडीतून बाहेर काढले.

आता त्या दुसऱ्या कार्यकर्त्याचा तोडगा या मापाने मोजून पाहा. पैसे देऊन माणसे आणायची. बरोबर. कोणती माणसे येतील? ज्यांच्या बापानेही हेच केले ती. त्यांना नाही म्हणता येईल? पोटाची खळगी नाही म्हणू देत नाही. आणि ती माणसे मांडवात येऊन पहिल्या रांगेत बसतील का? आपण त्यांना बसा म्हणणार होतो का? खरे सांगा. आपण त्यांना मांडवामागून आणणार होतो आणि मांडवामागूनच परत पाठवणार होतो. म्हणजे साहेबाच्या तंबूची जी रीत होती तीच. फक्त साहेब आपण झालो असतो.

आपण येथून जवळच्या पंढरपूरची गोष्ट जाणतो. दर वर्षी लाखो माणसे तेथे जमतात. त्यांची भक्ती त्यांच्यापाशी. त्यावर मी बोलत नाही. पण गर्दी ओसरल्यावर उघड्यावर पडलेली घाण कोणाच्या हातांनी उचलली जाते हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुरेशी शौचालये उभारा असे न्यायालयाला शासनाला सांगावे लागले. हाताने मैला उचलण्याच्या कामावर माणसे ठेवण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी आली, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरून माणसे मरतात आणि मरणारे कोणत्या वस्तीतले असतात हे वर्तमानपत्राला सांगावे लागत नाही. अशा देशात बौद्धांचा मेळावा भरणार असेल तर त्याची परीक्षा व्यासपीठाच्या सजावटीवरून होणार नाही. ती मांडवामागच्या चरावर होईल.

विनयातील वच्चकुटी

कोणी म्हणेल, धम्माच्या प्रवचनात हा कसला विषय? बांधवांनो, हा विषय मी आणलेला नाही. तो खुद्द विनयपिटकात आहे.

चुल्लवग्गात भिक्षूंच्या रोजच्या वागण्याचे नियम आहेत. त्यांत शौचकूपाचेही नियम आहेत; पालीत त्याला वच्चकुटी म्हणतात. ते का घालून दिले याचे प्रसंगही तेथे सांगितले आहेत. एक भिक्षू जन्माने ब्राह्मण होता. शौचानंतर तो पाणी घेईना. असल्या घाणेरड्या गोष्टीला हात कोण लावील, असे त्याचे म्हणणे. अंगाला वास येऊ लागला, तेव्हा इतर भिक्षूंनी ही गोष्ट तथागतांना सांगितली. तथागतांनी त्या भिक्षूची कानउघाडणी केली आणि नियम घातला. विचार करा, अडीच हजार वर्षांपूर्वी संघात येऊनही एका माणसाच्या मनातून सोवळे गेले नव्हते, आणि ते उघडे पडले ते शौचकूपापाशी!

दुसरा प्रसंग आणखी बोलका आहे. भिक्षू ज्येष्ठतेच्या क्रमाने शौचाला जात. वडील भिक्षू आधी, नवे भिक्षू मागाहून. नवे भिक्षू आधी येऊनही ताटकळत, कळ दाबून धरत आणि त्यातच एखादा भोवळ येऊन पडे. तथागतांना हे कळले तेव्हा त्यांनी सांगितले की येथे जो आधी आला तो आधी जाईल. वंदनेत, आसनात ज्येष्ठतेचा मान राहिला. पण देहधर्माच्या जागी कोणी वडील नाही, कोणी धाकटा नाही. मेळाव्यात पाहुण्यांसाठी वेगळे आणि लोकांसाठी वेगळे शौचालय बांधावे असे ज्यांच्या मनात येते, त्यांनी हा नियम वाचावा.

आणि तिसरी गोष्ट. वच्चकुटी घाण दिसली तर ज्याला दिसली त्याने स्वच्छ करावी. पाण्याचे भांडे रिकामे दिसले तर ज्याला दिसले त्याने भरून ठेवावे. तेथे नेमलेला भंगी नाही. संघात शाक्य राजपुत्र होते, ब्राह्मण होते, उपाली न्हावी होता, रस्ते झाडणारा सुनीत होता. उपाली आणि सुनीत यांच्या दीक्षेला बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मुद्दाम जागा दिली आहे. सुनीत भिक्षू झाल्यावर "झाडायचे काम तुलाच चांगले येते" असे त्याला कोणी म्हटले नाही. झाडू सर्वांच्या हाती आला म्हणून सुनीताच्या हातून सुटला. बांधवांनो, आपल्या दोन प्रश्नांचे उत्तर याच एका गोष्टीत आहे.

स्वतः तथागतांचे उदाहरण घ्या. महावग्गात ते आले आहे. एक भिक्षू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याची विचारपूस करीत नव्हते, कारण तोही कधी कोणाच्या उपयोगी पडला नव्हता. तथागत आनंदासह तेथे आले. आनंदाने पाणी आणले, तथागतांनी ते ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला खाटेवर ठेवले. संघाचा शास्ता हे करतो आणि मग भिक्षूंना सांगतो की तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील?

मघाची गोष्ट

लहान मुलांनी ऐकावी अशी एक गोष्ट आता सांगतो. ती जातकात आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. मगध देशात मचल नावाच्या गावी मघ नावाचा तरुण होता. गावकरी कामासाठी एकत्र जमले असता त्याने आपल्या उभे राहण्यापुरती जागा पायाने साफ केली. दुसऱ्याने त्याला ढकलले आणि ती जागा घेतली. मघ चिडला नाही. त्याने दुसरी जागा साफ केली. तीही कोणी घेतली. असे होता होता त्याच्या लक्षात आले की माझ्या कामाने इतके जण सुखाने उभे आहेत. दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन आला आणि त्याने खळ्याएवढी जागा सपाट केली. हळूहळू गावातले इतर तरुण त्याला मिळाले. सारे मिळून तेहतीस झाले. त्यांनी रस्ते सारखे केले, पूल बांधले, तळी खणली आणि चौरस्त्यावर वाटसरूंसाठी शाळा म्हणजे धर्मशाळा उभारली.

गावच्या मुखियाला हे खुपले. का? हे तरुण दारू पिईनासे झाले आणि दारूवरची त्याची मिळकत बुडाली. त्याने राजाला चहाडी केली की हे चोर आहेत. राजाने हत्तीच्या पायी देण्याचा हुकूम दिला. पण हत्तीने त्यांच्यावर पाय ठेवला नाही. पुढे गोष्टीत स्वर्ग आणि देवांचा राजा येतो. तो भाग बाबासाहेबांच्या शिकवणीप्रमाणे आपण सोडून देऊ. आपल्याला हवा तो भाग पृथ्वीवरचा आहे: एका माणसाने जमिनीचा तुकडा साफ केला, तो दुसऱ्याने बळकावला, आणि तरी त्याने कुदळ खाली ठेवली नाही. यालाच क्षांती म्हणतात, यालाच वीर्य म्हणतात. बावीस प्रतिज्ञांतील बाराव्या प्रतिज्ञेने आपण ज्या दहा पारमितांचे पालन करू असे म्हटले, त्यांतल्या या दोन.

या गोष्टीत भगिनींसाठीही एक धडा आहे, आणि पुरुषांसाठी तर अधिकच. त्या तेहतीस जणांनी ठरवले होते की या शाळेत बायकांचा वाटा नको. सुधम्मा नावाच्या स्त्रीने सुताराला गाठून शिखराचे लाकूड आधीच घडवून आपल्यापाशी ठेवले. छप्पर चढवायची वेळ आली तेव्हा शिखर कोठे मिळेना. ते सुधम्मेच्या घरी होते. वाटा दिल्यावाचून ती देईना. पुरुषांना ऐकावे लागले. आमच्या यादीतही भगिनींची नावे फक्त भोजन आणि पाणी यांपुढे होती. समितीत एकही नव्हती. म्हणून शौचाची जागा कोठे असावी हे पुरुषांनीच ठरवून टाकले होते: माळाच्या पार टोकाला, अंधारात. रात्री लेकीबाळींनी तेथे कसे जावे हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

महाड आणि नागपूर

आपल्या चळवळीचा इतिहास आपण भाषणांनी आठवतो. मांडवांनीही आठवावा.

१९२७ च्या मार्च महिन्यात महाडला परिषद भरली. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागे लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावातल्या जमावाने मांडवावर हल्ला केला. काही मंडळी जेवत होती, काही घरी निघण्याची बांधाबांध करीत होती. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर महाडात जागा मिळेना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. तेथे मांडव उभा राहिला आणि त्या मांडवासमोर खास खणलेल्या खड्ड्यात २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. हा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तो खड्डा कोणी खणला त्यांची नावे आज आपल्याला पाठ नाहीत. पण त्यांनी तो खणला नसता तर ती रात्र उजाडली नसती. त्यांच्या हातातही फावडेच होते.

नागपूरचे पाहा. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळची मोकळी जागा. वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी यांनी दिवसरात्र खपून व्यवस्था केली. समता सैनिक दलाचे सैनिक राबले. सांचीच्या स्तूपाचा आकार शिरावर असलेले व्यासपीठ उभे राहिले. लाखो माणसे आली, गाड्यांनी आली, पायी आली, शुभ्र वस्त्रे नेसून आली. एवढ्या माणसांना उभे राहायला सपाट जमीन लागली, प्यायला पाणी लागले, रात्री पडायला जागा लागली. पूज्य चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, आणि मग बाबासाहेबांनी लोकांना दीक्षा दिली, ती अशा हातांनी तयार केलेल्या जमिनीवर. आज तेथे भव्य स्तूप आहे. त्या दिवशी होते ते बांबू, कापड आणि माणसे.

माळावर काय ठरले

मी एवढे बोललो, आणि तो तरुण पुन्हा उठला. म्हणाला, "सर, पटलं. पण एक अट. पहिला चर तुम्ही खणायचा. आणि शेवटच्या दिवशी बुजवायला तुम्हीच थांबायचं. वही दुसऱ्याकडं द्या."

बांधवांनो, प्रवचन करणे मला जमते. ती अट मान्य करताना मात्र माझी जीभ अडखळली. मी घरातला पहिला पदवीधर. घरी गेल्यावर वडिलांना सांगितले. ते उसाच्या बांधावर उभे आयुष्य काढलेले गृहस्थ. ते इतकेच म्हणाले, "तुला याच्यासाठी शिकवलं व्हय?" आणि पाठ फिरवून झोपले. मेळाव्याच्या दोन्ही दिवशी ते वंदनेला आले, पण माळाच्या त्या बाजूला फिरकले नाहीत. मी त्यांना समजावण्याचा हट्ट धरला नाही. ज्याने आपल्या मुलाच्या हातातून फावडे सुटावे म्हणून स्वतः दुप्पट फावडे मारले, त्याच्या काळजातली गोष्ट माझ्या दोन दृष्टांतांनी जाणार नाही. पण मला ते करणे प्राप्त होते, कारण त्या भगिनीच्या प्रश्नाला माझ्याजवळ दुसरे उत्तर नव्हते.

मग आम्ही असे ठरवले. शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे सर्व स्वयंसेवकांची नावे अक्षरानुक्रमे लिहिली आणि त्या क्रमाने चराची पाळी लावली. समितीचे अध्यक्ष, वर्गणीदार, पदवीधर, कोणालाच सूट नाही. सूट फक्त दोघांना: ज्यांनी पूर्वी वेठीने हे काम केले त्या म्हाताऱ्या माणसांना, आणि ज्यांना पोटासाठी रोज हेच करावे लागते त्यांना. त्या भगिनीच्या यजमानांनी ध्वनिक्षेपकाचे काम मागून घेतले आणि दोन दिवस ते चोख केले. समितीत तीन भगिनी घेतल्या. त्यांनी पहिल्याच बैठकीत स्त्रियांची जागा अलीकडे आणली आणि तिकडच्या वाटेवर दिवे लावायला लावले.

ज्यांच्या गावी असे मेळावे भरतील त्यांच्या उपयोगासाठी कामाची माहिती थोडक्यात देतो. जागा उताराच्या खालच्या अंगाला आणि वाऱ्याच्या पाठीला घ्यावी. आमच्याकडे त्या दिवसांत वारा उगवतीकडून होता, म्हणून चर मावळतीला खणले. विहीर किंवा बोअर यांपासून निदान १०० फूट दूर राहावे. चर एक फूट रुंद आणि तीन फूट खोल पुरतो. निघालेली माती कडेलाच ढिगाने ठेवावी, तेथे डबा ठेवावा आणि प्रत्येकाने उठताना माती टाकावी. म्हणजे माशी बसत नाही, वास येत नाही. चर भरत आला, वरचा एक फूट उरला, की मातीने दाबून बुजवावा आणि दुसरा वापरावा. हात धुण्यास साबण आणि पाणी बाहेर पडताच समोर दिसले पाहिजे. पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर माप पाहून घालावी आणि टाकीला तोट्या असाव्यात. पिंपात कोणाचा हात बुडू नये. म्हाताऱ्यांसाठी मधे भोक पाडलेली लाकडी बैठक केली तर त्यांचे गुडघे दुवा देतात.

आडोसा कशाचा करावा हा प्रश्न होता. पत्र्याचे भाडे परवडेना. आमच्यात कैकाडी समाजातून आलेले एक वृद्ध उपासक आहेत. २००७ साली मुंबईला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर भटक्या-विमुक्त बांधवांची जी दीक्षा झाली, तेव्हापासून धम्माचे वारे त्यांच्या वस्तीत शिरले होते. ते तुराट्यांचे कूड विणतात. त्यांना आम्ही "कूड विणून द्या" असे म्हटले नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा जातीचे काम जातीला देणे झाले असते. त्यांना आम्ही विचारले, "आम्हाला शिकवाल का?" ते गुरू म्हणून खुर्चीवर बसले आणि आठवीतली पोरे, बँकेतला कारकून, मी, असे आम्ही खाली बसून विणू लागलो. माझा कूड तीनदा उसवला. त्यांनी तो तीनदा परत करायला लावला.

मेळावा झाला. भन्तेजींची देशना झाली, दीक्षा झाल्या, लोक जेवून निघून गेले. संध्याकाळी माळावर आम्ही दहा-पंधरा जण उरलो. तो तरुण अट पाळली जाते की नाही हे पाहायला थांबला होता. मी शेवटचा चर बुजवू लागलो. थोडा वेळ त्याने पाहिले आणि मग दुसऱ्या टोकाकडून तोही माती लोटू लागला. आम्ही काही बोललो नाही. माझ्या हाताला फोड आले होते, त्याच्याही आले.

माळाच्या शेजारी ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. बीडकडून आलेली कुटुंबे. आमचा मुक्काम दोन दिवसांचा, त्यासाठी आम्ही तीन आठवडे सोयी केल्या. त्यांचा मुक्काम हंगामभर, आणि त्यांच्या बायाबापड्यांना साधा न्हाणीचा आडोसा नाही. ही गोष्ट त्या भगिनींच्या समितीने काढली. त्यांनी कोप्यांत जाऊन तिथल्या बायकांना विचारले, आणि त्या म्हणाल्या तेथे आम्ही आमचे चांगले कूड आणि ताडपत्र्या उभ्या करून दिल्या. धम्मदीक्षेचे बोलणे आम्ही तेथे काढले नाही. ते त्यांचे त्यांनी विचारले तर पुढे पाहू.

बांधवांनो, दुसऱ्या दिवशी माळ पुन्हा माळ झाला होता. कमान नाही, व्यासपीठ नाही, चराच्या जागी ताज्या मातीचे पट्टे. सर्व संस्कार अनित्य आहेत हे आपण ऐकतो. मांडव हा तर दोन दिवसांचाच संस्कार. पण जी सवय लागली ती घरी नेता येते. तुमच्या घरी शौचकूप कोण धुते? सूनच का? मुलगा शिकतो म्हणून त्याला सूट आणि मुलगी शिकते तरी तिला नाही, असे होते का? तुमच्या सोसायटीत, कचेरीत, शाळेत झाडणाऱ्या माणसाला तुम्ही नावाने हाक मारता का, आणि चहाचा कप त्याला कोणता देता? सर्व माणसे समान आहेत असे मी मानीन आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, या प्रतिज्ञा आपण हात जोडून घेतल्या. घरी त्या पाळायच्या तर सुरुवात एका बादलीपासून करा. घरातल्या सर्वांची नावे एका कागदावर लिहा, वडिलांचे आणि मुलांचेही, आणि पाळी लावा. सूट कोणाला द्यायची ते आमच्यासारखे विचार करून ठरवा.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याची यादी आम्ही आताच केली आहे. त्यात चराचे काम शेवटी नाही, पहिल्या ओळीत आहे. आपल्या गावी मेळावा ठरला तर आम्हाला कळवा. कुदळ-फावडी आणि कूड विणायला शिकलेली पोरे घेऊन आम्ही येऊ.

नमो बुद्धाय. जय भीम.